गेममध्ये पैकीच्या पैकी, वहीत मात्र अडतंय

प्रश्न : मी तिसरीला शिकवते. वर्गात एक लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर आहे. वर्षभर ऑनलाइन गणिताचे बरेच गेम वापरले, मुलं जाम खूश असतात, पाढ्यांच्या गेममध्ये तर भराभर लेव्हल पार करतात. पण "७ रांगा, प्रत्येक रांगेत ६ खुर्च्या, एकूण किती?" असं वहीत दिलं की विचारतात, बाई बेरीज करायची का गुणाकार? एवढा वेळ घालवून उपयोग काय झाला? नक्की कोणते गेम निवडायचे?

उत्तर : बाई, आधी एक सांगते, यात तुमचं काही चुकलेलं नाही. पाढ्यांच्या बऱ्याचशा गेममध्ये गणित एकीकडे असतं आणि खेळ दुसरीकडे. उत्तर बरोबर आलं की गाडी पळते, नाणी मिळतात, आवाज येतो. तिथे गणिताच्या जागी स्पेलिंग टाकलं तरी गाडी तशीच पळेल ना? म्हणजे मुलांनी ७ × ६ पाठ केलं, पण ७ रांगा काही त्यांच्या डोळ्यासमोर आल्याच नाहीत. पाठांतराच्या मी विरोधात नाही, ते लागतंच, पण कळल्यानंतर. म्हणून कुठलाही गेम वर्गात न्यायच्या आधी मी स्वतः दहा मिनिटं खेळून एवढंच बघते की मूल स्क्रीनवर जे सरकवतंय, जोडतंय, फोडतंय, तेच गणित आहे का.

असं एक माझ्या फार आवडीचं आहे. फेट (PhET) नावाचा प्रकल्प आहे, पडद्यावर स्वतः हलवून-बदलून बघायच्या सिम्युलेशनचा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. सुरुवात फिजिक्सपासून झाली पण आता त्यात प्राथमिक गणितही बरंच आहे, सगळं फुकट, आणि काही गोष्टी मराठीतही आहेत. त्यात चौकटीच्या कागदावर रंगीत चौकोन ठेवायचे असा एक भाग आहे, ठेवाल तसं क्षेत्रफळ आणि परिमिती बाजूला दिसत राहते. मी ३ बाय ४ चा आयत लावला. क्षेत्रफळ १२, परिमिती १४. मग म्हटलं, आता कोपऱ्यातला एक चौकोन काढणार आहे, परिमिती कमी होईल, वाढेल का तेवढीच राहील, पाटीवर लिहा आणि पाटी छातीशी धरा. जवळजवळ सगळ्यांनी "कमी" लिहिलं. चौकोन काढला. क्षेत्रफळ ११ झालं, परिमिती १४ ची १४! वर्ग एकदम गप्प. मग एक मुलगा उठून पुढे आला आणि फळ्यावरच्या चित्राच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "बाई, बाहेरच्या दोन बाजू गेल्या पण आतल्या दोन बाहेर आल्या." हे त्याला कोणीच सांगितलेलं नव्हतं. मग आम्ही परत पूर्ण आयत लावून कोपरा सोडून कडेच्या मधला एक चौकोन काढला तर परिमिती चक्क १६ झाली, आणि याचं कारण शोधण्यात तो अख्खा तास गेला, मी जाऊ दिला.

एकच प्रोजेक्टर आहे याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट बरंच आहे. प्रत्येकाच्या हातात टॅब असला की मुलं आधी दाबतात आणि मग बघतात. एकाच पडद्यावर असलं की आधी अंदाज, मग शेजाऱ्याशी वाद, मग क्लिक, असं करता येतं. क्लिक अगदी शेवटी, हे मात्र कटाक्षाने पाळा.

आता तुमच्या खुर्च्या. पहिल्यांदा बटणं किंवा खडे घेऊन मुलांनाच खाली बसून ७ रांगा लावू द्या. मग तेच ठिपके पडद्यावर, आणि तिथे रांगा फोडून दाखवा, ५ रांगा आणि २ रांगा, म्हणजे ३० आणि १२. चिन्ह सगळ्यात शेवटी. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हाच क्रम मांडला होता, आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह, आणि स्क्रीन म्हणजे त्यातली मधली पायरी आहे. पहिली गाळून थेट मधलीवर उडी मारली की मुलं घसरतात. आणि गेम झाला की लगेच लॅपटॉप मिटून "आत्ता काय केलं त्याचं चित्र वहीत काढा आणि खाली गणित लिहा" एवढं रोज करून घ्या. पडदा आणि वही मुलांच्या डोक्यात आपोआप जोडले जात नाहीत हो, ते आपल्यालाच जोडून द्यावं लागतं.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. बेरजेचा एक गेम खेळते, त्यात घड्याळ उलटं धावतं. हल्ली ती विचारच करत नाही, वाटेल ते बटण दाबते, हरली की रडते. बंद करू का? आणि धाकटा चार वर्षांचा आहे, त्याच्यासाठी कुठलं अ‍ॅप घेऊ?

उत्तर : बंद करायच्या आधी सेटिंगमध्ये टायमर बंद करता येतो का बघा, आणि नसेल येत तर मात्र खुशाल काढून टाका, अजिबात वाईट वाटून घेऊ नका. वाटेल ते दाबणं हा आळस नाहीये. वेळ कमी आणि पद्धत माहीत नाही, अशा वेळी चार पर्यायांतला एक दाबणं हाच तिला सुचलेला मार्ग आहे. तिला ८ + ५ करताना ५ मधले २ काढून ८ ला द्यायचे, १० झाले, उरले ३, हे हाताने करायला मिळालं पाहिजे. वर सांगितलेल्या फेटमध्येच दहा बनवायचा एक गेम आहे, त्यात संख्या फोडून तुकडा दुसरीवर नेऊन टाकता येतो. शेजारी बसा, पंधरा मिनिटं पुरेत, आणि उत्तर बरोबर आलं तरी विचारा, "कसं काढलंस गं?" फक्त चुकल्यावरच विचारलं तर मुलं तो प्रश्न ऐकला की घाबरून उत्तर बदलतात, हे मी कितीदा बघितलंय.

धाकट्यासाठी अ‍ॅप नकोच म्हणेन. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये अशाच वयाच्या मुलांना १ ते १० आकड्यांच्या सरळ पट्टीवर सोंगटी पुढे सरकवायचा साधा खेळ पंधरा-पंधरा मिनिटं, फक्त चार वेळा खेळायला दिला आणि त्यांची आकड्यांची समज चांगलीच सुधारली. नंतर तोच खेळ गोलाकार पटावर दिला तेव्हा तसा फायदा दिसला नाही. पट्टी कागदावर आखा, पाच मिनिटांचं काम आहे. सोंगटी ३ वर असेल आणि २ पडले तर "एक, दोन" म्हणायचं नाही, "चार, पाच" म्हणत सरकवायची. सगळं मर्म यातच आहे.

प्रश्न : मी साठवून ठेवलेले गणिताचे जुने गेम आता उघडतच नाहीत. कॉम्प्युटर बिघडला का?

उत्तर : कॉम्प्युटर ठीक आहे. ते गेम फ्लॅश नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारे असणार, ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट थांबवला आणि ब्राउझरमधूनही ते गेलं. आता एचटीएमएल५ या नव्या तंत्रातले शोधा, ते मोबाइलवरही चालतात. नेट अधूनमधून जात असेल तर फेटची सिम्युलेशन डाउनलोड करून ऑफलाइनही चालवता येतात.

प्रश्न : मुलगा मराठीत आकडे म्हणतो आणि अ‍ॅपमध्ये "पंचवीस" म्हणत ५२ दाबतो. त्याला आकडे कळत नाहीत असं समजायचं का?

उत्तर : नाही नाही, तो ऐकल्याप्रमाणेच लिहितोय! पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, जर्मन भाषेतही असंच आहे, तिथेही "पाच आणि वीस" म्हणतात. त्यात मराठीत एकोणतीसमध्ये तर नऊ कुठे ऐकूच येत नाही. त्याला स्क्रीनवर दहाचे गठ्ठे आणि सुटे असलेलं टूल द्या, पंचवीस म्हटलं की आधी २ गठ्ठे ओढायला लावा, मग ५ सुटे, आणि मगच आकडा. थोडे दिवस अ‍ॅपमधला इंग्रजी आवाजही बंद ठेवा, ते ट्वेंटी-फाइव्ह म्हणजे उलटा क्रम, दोन्ही एकदम कानावर पडले की गोंधळ वाढतो. आणि ५२ दाबलं की चूक म्हणायच्या आधी त्याला ५२ चे गठ्ठे लावून दोन्ही ढीग शेजारी ठेवायला सांगा.