कागद हिरवा, तरी गाडी डावीकडे

प्रश्न: मेस्त्री, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, राहणार साखळी. माझ्याकडे २०१४ ची वॅगनआर आहे. पावसात डिचोलीहून येताना पाण्याने भरलेल्या चरात पुढचं डावं चाक जोरात आपटलं. गॅरेजवाल्याने डावा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), त्याचा बॉल जॉइंट आणि शॉकअब नवे घातले. टायर फाटला होता, तोही नवा घेतला. तेव्हापासून गाडी डावीकडे खेचते. दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर मोजून जुळवणं) केली, दोन्ही वेळा कागदावरचे सगळे आकडे हिरवे. ‘मास्तर, गाडी ओके आहे, रस्ताच तसा आहे,’ म्हणून त्यांनी माझी बोळवण केली. कागदाचा फोटो जोडला आहे. खोट गाडीत आहे की माझ्या डोक्यात?

उत्तर: गाडीत आहे, मास्तर. पण रस्त्याचं कारण अगदीच थाप नाही, म्हणून ते आधी निकालात काढू. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण चालतो डावीकडून, त्यामुळे धडधाकट गाडीसुद्धा हात सैल केला की हळूहळू गटाराकडे जाते. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत रविवारी सकाळी चिटपाखरू नसतं. तिथे रस्त्याच्या मधोमध चाळीसच्या वेगाने चालवून बघा. हात स्टिअरिंगपासून दोन बोटं वर, सोडायचे मात्र नाहीत. तिथेही डावीकडे गेली तर रस्ता निर्दोष.

मग टायर. डावा नवा, उजवा झिजलेला, अशी तुमची जोडी आहे. दोन्हीत थंड असताना हवा सारखी भरा आणि पुढचे दोन टायर आपसात बदला. रेडियल टायरच्या आतला पट्टा बनवताना किंचित सरकला, तर टायर दिसतो गोल, पण चालतो शंकूसारखा. आइस्क्रीमचा रिकामा कोन फरशीवर ढकलला की गोल फिरत जातो ना, तसा. बदलल्यावर गाडी उजवीकडे खेचू लागली तर चोर सापडला. डावीकडेच जात राहिली तर टायर सुटला. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल चाचणीपुरतीच.) जॅक आणि पाना असला की अर्ध्या तासाचं काम, आणि तरीही ते आधी करणारा मेस्त्री विरळा.

पण मला टायरपेक्षा तुमच्या कागदाचा संशय जास्त आहे. चष्मा लावून पुन्हा बघा. पुढचा डावा कॅम्बर, म्हणजे चाकाच्या डोक्याचा आत-बाहेर कल, अधिक (बाहेर) ०.५ अंश, उजवा उणे (आत) ०.२. मशीनमध्ये भरलेली मर्यादा शून्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक अंश. म्हणून दोन्ही आकडे हिरवे. मशीन प्रत्येक चाकाला वेगळं पास करतं, गाडी मात्र दोन चाकांच्या फरकावर चालते. तुमचा फरक ०.७. अर्ध्या अंशाच्या पुढे गेलं की हाताला कळायला लागतं, आणि गाडी खेचते ती ज्या चाकाचं डोकं जास्त बाहेर झुकलंय त्या बाजूला. तुमचं डावं. कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे, ही चांगली बातमी. चाक मागे ढकललं गेलेलं नाही, म्हणजे खालचा क्रॉसमेंबर (आर्म ज्याला जोडलेले असतात तो आडवा सांगाडा) सरकला असण्याची भीती कमी.

अलाइनमेंटवाल्याने दोन्ही वेळा काय केलं असेल, ते सांगतो. टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा) फिरवून टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांच्या पुढच्या कडांचा आत-बाहेर कल, जुळवला. या गाडीला पुढे सहज फिरवता येतो तो तेवढाच. टो चुकला तर टायर खातो, स्टिअरिंग वाकडं बसतं. पण खेच त्याने सहसा येत नाही, कारण दोन्ही चाकं तो चुकारपणा आपसात वाटून घेतात. दहा वेळा टो जुळवलात तरी तुमची गाडी साखळीला जाताना डावीकडेच जाणार.

मग डाव्या चाकाचं डोकं बाहेर गेलं कसं? इथे माझीच एक चूक सांगतो. मी शिकलो खाणीच्या टिप्परांवर. पुढे जाडजूड आडवा बीम, वर पाटे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि आम्ही छोट्या गाड्यांकडे वळलो. एका गिऱ्हाइकाचा लोअर आर्म मी बदलला, गाडी जॅकवर, चाक लोंबकळत, आणि तसेच बुशचे (आर्म गाडीला जोडणाऱ्या रबरी सांध्यांचे) बोल्ट करकचून आवळले. तो तीनदा परत आला. तिन्ही वेळा मी त्याला अलाइनमेंटला पाठवला, आणि रस्त्याला शिव्या दिल्या त्या वेगळ्याच.

बुशच्या मधली लोखंडी नळी बोल्टने पकडली की ती तिथेच अडकते. आर्म हलतो तो फक्त रबर पिळून. चाक लोंबत असताना आवळलं, तर तीच रबराची बैठक ठरते. गाडी जमिनीवर टेकली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि आर्मला खाली ढकलत बसतं. ती बाजू थोडी उंच राहते, कॅम्बर बाहेर जातो आणि बुश वेळेआधी फाटतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मोजा. डावीकडे थोडं जास्त भरलं तर माझा अंदाज बरोबर.

दुसरी जागा म्हणजे शॉकअब आणि चाकाचा नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) जोडणारे दोन बोल्ट. त्यांच्या भोकांत थोडी ढिलाई असते. नवा शॉकअब घालताना नकल बाहेर कललेला असेल आणि तसाच आवळला, तर कॅम्बर तिथेच बिघडतो.

तर त्याच गॅरेजवाल्याकडे जा, भांडू नका, त्याला एवढंच करायला सांगा. आधी ते दोन बोल्ट सैल करून चाकाचं डोकं हाताने आत दाबून धरायचं आणि आवळायचं. मग डाव्या आर्मचे बुशबोल्ट ढिले करून गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर चारही चाकांवर उभी करायची, पुढून चार-पाच वेळा दाबून सोडायची आणि वजन चाकांवर असतानाच खालून आवळायचे. शेवटी अलाइनमेंट, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. या वेळी कागद रंगावर वाचू नका, उजव्या-डाव्याची वजाबाकी करा. वजाबाकी शिकवायला मी तुम्हाला सांगावं, हे जरा अतीच झालं.

प्रश्न: पावसाळाभर गाडी उभी होती. आता फक्त ब्रेक मारला की उजवीकडे ओढते. उजवा ब्रेक साफ करून घेतला, फरक नाही. (एक वाचक, वास्को)

उत्तर: चुकीचं चाक उघडलंत. गाडी ओढते ती नीट धरणाऱ्या ब्रेककडे. तुमचा उजवा धरतोय, डावा कामचुकार आहे. खाऱ्या हवेत कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजून अडकतात, किंवा ब्रेकचा रबरी पाइप आतून सुजतो. डावं चाक उघडा, पिना हाताने सरकतात का बघा. साफ करून त्यांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. नेहमीचं काळं ग्रीस रबर फुगवतं आणि पिना पुन्हा अडकतात. तोवर दाबोळीच्या पठारावरून चिखलीचा उतार त्या गाडीने उतरू नका.