जुन्या आउटबोर्ड मोटरच्या दोन्ही प्लगवर स्पार्क नाही, नवीन कॉइल घेऊ का?

तुमची बोटीच्या मागे लावायची मोटर जुनी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची, दोरी ओढून सुरू होणारी. मागच्या हंगामात चांगली चालली, बराच काळ पडून राहिली आणि आता दोन्ही प्लग कोरडे ठणठणीत, ठिणगीच नाही. कॉइल, म्हणजे प्लगसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग, मागवायच्या आधी थोडं थांबा.

दोन कॉइल एकदम जाणं क्वचितच घडतं. एकाच सिलिंडरचा स्पार्क गेला असता तर मी त्या सिलिंडरची कॉइल, हाय टेन्शन वायर, प्लगची कॅप यांच्याकडे बोट दाखवलं असतं. दोन्ही गेलेत म्हटल्यावर दोघांत सामाईक काय आहे ते आधी बघायचं, आणि त्यात पहिला मान किल सर्किटचा, म्हणजे मोटर बंद करणाऱ्या बटणाचा आणि त्याच्या वायरिंगचा.

या मोटरींचं इग्निशन बॅटरीवर चालत नाही, फ्लायव्हील या इंजिनच्या जड चाकातली चुंबकं वीज तयार करतात. बंद करायचं बटण ही वीज थेट इंजिनच्या बॉडीला अर्थ करून टाकतं. त्यामुळे स्विच आतून गंजून चिकटला, सेफ्टी दोरीची क्लिप नीट बसली नाही किंवा वायरचं आवरण घासून ती कुठे धातूला टेकली, की मोटर कायम ‘बंद’च समजायची. इग्निशनकडून स्विचकडे जाणारी किल वायर इंजिनापाशीच सोडवा, टोकाला टेप गुंडाळा आणि दोरी ओढून बघा. स्पार्क आला तर दोष स्विच किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे, पैसे वाचले. फक्त एवढं लक्षात ठेवा, की या अवस्थेत इंजिन सुरू झालं तर बटणाने बंद होणार नाही, चोक ओढून किंवा इंधन तोडून बंद करावं लागेल.

स्पार्क बघता कसा, हेही महत्त्वाचं. प्लग नुसता इंजिनला टेकवून दिसणाऱ्या बारीक ठिणगीवर माझा भरवसा नाही, सिलिंडरमधल्या दाबाखाली ती टिकेलच असं नाही. गॅप बदलता येणारा टेस्टर स्वस्तात मिळतो. पॉइंटवाल्या मॅग्नेटोला (उघडझाप करणाऱ्या धातूच्या संपर्कांवर चालणारं जुनं इग्निशन) साधारण ६ मिलिमीटर, सीडीआयला (इलेक्ट्रॉनिक बॉक्सवर चालणारं इग्निशन) ११ मिलिमीटरच्या आसपास गॅप ओलांडता यायला हवा. दोन्ही प्लग काढून ठेवा म्हणजे फ्लायव्हील हलकं फिरेल. दोरी सावकाश ओढली तर चांगली मोटरसुद्धा स्पार्क देत नाही. इंधनाची नळी आधी सोडा आणि टेस्टर प्लगच्या भोकांपासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. हाय टेन्शन वायर लोंबकळत ठेवू नका, दोन्ही अर्थ झालेल्या असू द्या.

किल वायर सोडूनही काही नाही? मग मोटर कुठल्या पिढीची आहे ते बघा. १९७० च्या दशकात बऱ्याच कंपन्या हळूहळू पॉइंटकडून सीडीआयकडे वळल्या.

पॉइंट असतील तर माझा संशय सरळ त्यांच्यावर. प्रत्येक सिलिंडरचे पॉइंट वेगळे, पण पडून राहण्याचा त्रास दोघांना एकदमच होतो. समोरासमोरच्या दोन्ही तोंडांवर राखाडी पापुद्रा चढतो. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण करंट अडवायला पुरतो. जाड, गुळगुळीत कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पॉइंटमध्ये घाला, पॉइंट मिटू द्या आणि पट्टी ओढून काढा. काळी रेघ उमटेल. पट्टी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा. पॉलिश पेपर घासायचा मोह टाळा, त्याचे कण तोंडांत रुततात. बोटही लावू नका, बोटाचा तेलकटपणाही त्यांना चालत नाही. मग फीलर गेज घालून गॅप बघा. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूड मोटरींना तो बहुतेक ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर असतो. तुमच्या मोटरचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. एवढ्यावर भागलं नाही तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदला, आणि कॉइलच्या प्लास्टिकला तडे गेलेत का तेही बघा.

सीडीआय असेल तर चार्ज कॉइल (बॉक्सला वीज पुरवणारी) आणि ट्रिगर (ठिणगीची वेळ सांगणारा) यांचा रेझिस्टन्स मीटरने मोजून मॅन्युअलशी ताडून बघा. सीडीआय बॉक्सचा बॉडीशी असलेला अर्थचा जोड मात्र आधी उघडून घासा, वॉशरखाली गंज लपलेला असतो. खुद्द बॉक्सची परीक्षा साध्या मीटरवर होत नाही, त्याला पीक व्होल्टेज दाखवणारं अडॅप्टर लागतं. चार्ज कॉइल, ट्रिगर, अर्थ सगळं ठीक निघालं आणि किल वायरही सोडलेली असली तरच बॉक्सवर ठपका ठेवा, तो महाग भाग आहे. किल वायरला चुकूनही १२ व्होल्टची बॅटरी लावू नका, बॉक्स तिथल्या तिथे जळतो.

पॉइंट किंवा चार्ज कॉइलपर्यंत पोचायला बऱ्याच मोटरींत फ्लायव्हील काढावंच लागतं. त्यासाठी मधल्या भोकांत बोल्ट बसणारा पुलर वापरा. कडेला जबडे अडकवून ओढलंत तर चाक वाकतं आणि हातोड्याने ठोकलंत तर चुंबकं सुटतात. बसवताना शाफ्टचा निमुळता भाग तेलाचा अंशही न ठेवता पुसून घ्या, चावी (फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारा धातूचा छोटा तुकडा) खाचेत सरळ आहे ना बघा आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळा. नट ढिला राहिला तर चावी तुटते आणि टायमिंग सरकतं.

किल वायर सोडल्यावर काय झालं आणि आत पॉइंट आहेत की सीडीआय, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगता येईल.