चित्रातली नमाज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ज्याँ-लेऑन जेरोम या फ्रेंच चित्रकाराची नमाजाची दोन चित्रं छापील पुस्तकात पाहिली. मशिदीतल्या चित्रात रांगांनी सगळे उभे आहेत. कैरोच्या गच्चीवरच्या चित्रात मात्र कुणी उभा, कुणी वाकलेला. दुसऱ्यात चित्रकार चुकला का? (एक वाचक, मिरज)

उत्तर: नाही. जमातीने, म्हणजे एकत्र, नमाज असली की नमाज पढवणाऱ्या इमामामागे सगळे एकदमच हलतात. कियाम म्हणजे उभं राहणं, मग गुडघ्यांवर हात टेकून वाकणं म्हणजे रुकू, पुन्हा सरळ उभं, मग कपाळ जमिनीला टेकून दोन सजदे. शेजारी सजद्यात आणि आपण रुकूत, असं तिथे होत नाही. गच्चीवरच्या चित्रात (१८६५, सध्या जर्मनीत हॅम्बर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात) जो तो आपापली नमाज अदा करतोय, तेव्हा हालचाली जुळायचं कारणच नाही. शिवाय एकाच चित्रात बरेच टप्पे दाखवायची सोय चित्रकाराला आयतीच मिळाली.

शंका घ्यायचीच तर मशिदीच्या चित्रावर घ्या. ते १८७१ चं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. जागा कैरोची अम्र मशीद. जेरोम १८६८ मध्ये इजिप्तला गेला होता, पण चित्र पुरं झालं ते नंतर. रेखाटनं आणि बहुधा छायाचित्रंही समोर ठेवून. सफ, म्हणजे रांग, सरळ हवी, खांद्याला खांदा लागलेला हवा आणि पुढची भरल्याशिवाय मागची धरायची नाही, हा नियम. इथे एक भरजरी असामी पुढे मोकळ्या जागेत, त्याचे सेवक मागे, आणि जवळपास उघड्या अंगाचा फकीरही त्याच गर्दीत. श्रीमंत-गरीब एका छताखाली, हे नाट्य जेरोमला हवं होतं. रांगेची शिस्त त्यापायी सैल झाली. आमच्या मते खांब, कमानी, कपडे यांवर भरवसा ठेवावा, माणसांच्या मांडणीवर बेतानेच.

हात बांधलेले नाहीत म्हणून मात्र कुणाला चुकीचं ठरवू नका. हनफी आणि मालिकी या सुन्नी मुस्लिमांच्या दोन विधिपरंपरा. हनफी नाभीखाली हात बांधतात, मालिकींमध्ये ते बाजूला सोडायची रीत रूढ आहे.

प्रश्न: मशिदीच्या चित्राची तैलरंगात निम्म्या आकाराची नक्कल करायची आहे. खांब सारखे तिरके येतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मूळ चित्र ८८.९ सेंमी उंच, ७४.९ रुंद, तुमचा कॅनव्हास ४४.५ बाय ३७.५ घ्या. त्यावर ३.७ सेंमीचे चौकोन आखले की आडवे १० आणि उभे १२ बसतात. रुंदीत उरलेली अर्धा सेंमीची पट्टी एकाच कडेला ठेवा. मूळ चित्राच्या छायाचित्रावरही याच हिशेबाने चौकोन पाडा, पट्टी त्याच कडेला.

खांब तिरके येतात ते बहुतेक प्रत्येक खांब वेगळा बघून काढल्यामुळे. आधी क्षितिजरेषा आणि लोपबिंदू, म्हणजे मागे जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू, ठरवा. मागे जाणाऱ्या ओळीतल्या खांबांचे माथे एका रेषेवर, पाये दुसऱ्या, आणि दोन्ही रेषा त्याच बिंदूकडे. खांब स्वतः गुण्या लावून उभेच. दिव्यांच्या साखळ्याही ओळंब्यात हव्यात; एक जरी कलली तरी आख्खी मशीद झुकल्यासारखी वाटते.

पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचा. तेल वरच्या थरांत वाढवत न्या. खाली तेलकट, वर कोरडा असं झालं की भेगा पडतात. सावल्यांचे ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाचे हात, खालचे थर पूर्ण वाळल्यावरच द्या. नाहीतर ब्रशाबरोबर खालचा रंग उचलला जातो आणि सावली मळकट होते. लांबच्या माणसांच्या कडा मऊ ठेवा, गडद काळा वापरू नका. ती जवळच्यांइतकी ठसठशीत झाली की चित्राची खोली गेलीच.

प्रश्न: हेच चित्र दिवाळी अंकात छापायला परवानगी लागेल? (एक संपादक, सोलापूर)

उत्तर: जेरोम १९०४ मध्ये वारला, त्यामुळे स्वामित्वहक्क कधीच संपला आहे. मेट्रोपॉलिटनने २०१७ पासून अशा चित्रांच्या प्रतिमा मुक्त वापरासाठी खुल्या केल्या आहेत. त्यांच्याच संकेतस्थळावरून मोठी फाइल उतरवा. २० सेंमी रुंद छापायचं तर उंची २३.७ सेंमी येते आणि इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने किमान २३६२ बाय २८०० पिक्सेल लागतात. ए-फोर पान भरायला चित्र ताणू नका, कापूही नका. साध्या कागदावर छतालगतचा अंधार एकजीव काळा होतो, म्हणून मधले गडद भाग थोडे उजळून आधी एक प्रूफ काढून घ्या.