जनुक स्वतःलाच दाबणार असेल, तर ते मुळातच कमी का बनवत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ई. कोलाय या जिवाणूतली कितीतरी रिप्रेसर प्रथिनं (म्हणजे डीएनएवर बसून जनुक दाबणारी) स्वतःच्याच जनुकाला दाबतात असं पुस्तकात दिलंय. आधी जोरात बनवायचं आणि मग ब्रेक मारायचा, त्यापेक्षा प्रोमोटरच, म्हणजे जनुक किती जोरात चालायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडाच, कमजोर ठेवला तर स्वस्तात भागणार नाही का? आणि जोडीला दुसरा प्रश्न: आकृतीत ढीगभर बाण असतील तर फीडबॅक धन आहे की ऋण, म्हणजे जनुकाचा परिणाम फिरून त्याच्याकडे येतो तेव्हा त्याला वाढवतो की दाबतो, हे ओळखायचं कसं?

पहिल्या प्रश्नाला क्लासमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, 'पेशी ऊर्जा वाचवते'. त्याने तुमचं समाधान झालं नाही हे बरंच झालं. नुसती बचत करायची असती तर कमजोर प्रोमोटर पुरला असता. ब्रेक लावून पेशी कमावते तो वेळ.

कसा, ते बघा. जिवाणूतली बहुतेक प्रथिनं लवकर मोडत नाहीत. पेशी वाढते, दुभंगते आणि त्यामुळे ती विरळ होत जातात, तेवढीच त्यांची घट. अशा प्रथिनाचं जनुक आत्ता चालू केलं, तर त्याची पातळी अंतिम पातळीच्या निम्म्यापर्यंत यायला एक पूर्ण पिढी जाते. चांगल्या माध्यमात, 37 अंशांवर, ती साधारण 20 मिनिटांची असते. नुसतं ग्लुकोज आणि क्षार दिले तर तासाच्या आसपास. गंमत म्हणजे प्रोमोटर तगडा असो की मरतुकडा, हा वेळ तोच राहतो. तगडा प्रोमोटर भराभर बनवतो खरा, पण त्याचं गाठायचं ठिकाणही तितकंच उंच असतं.

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिला बुडाशी गळती आहे असं धरा (आमच्या टाकीच्या बाबतीत धरावं लागत नाही). पाणी जितकं वर चढेल तितकी गळती जोरात. बारीक नळ सोडला तर येणारं आणि गळणारं पाणी बरोबर होईपर्यंत पातळी कुथत कुथत चढते. त्याऐवजी मोठा नळ सोडला आणि हव्या त्या खुणेवर बॉलकॉक बसवला, तर पाणी धाडकन खुणेपर्यंत येतं आणि तिथे थबकतं. खूण तीच, पण पोहोचायला लागणारा वेळ कितीतरी कमी. तगडा प्रोमोटर हा मोठा नळ, आणि स्वतःच्या जनुकावर जाऊन बसणारा रिप्रेसर हा बॉलकॉक.

हे नुसतं गणित नाही. 2002 मध्ये रोझेनफेल्ड, एलोविट्झ आणि अलोन यांनी टेटआर या रिप्रेसरला हिरवा चमकणारा जीएफपी जोडून ई. कोलायमध्ये वेळ मोजून दाखवला. साध्या जनुकाला जिथे एक पिढी लागते, तिथे स्वतःला दाबणारं जनुक पिढीच्या सुमारे पाचव्या हिश्शात पोहोचलं. त्याआधी 2000 मध्ये हायडेलबर्गला बेक्सकाय आणि सेरानो यांनी याच टेटआरवर दुसरा फायदा दाखवला होता: स्वतःला दाबणारं जनुक असलं की पेशीपेशीतला फरक घटतो. योगायोगाने एखाद्या पेशीत रिप्रेसर जास्त झाला की उत्पादन आपसूक मंदावतं, कमी पडला की वाढतं. ई. कोलायच्या माहीत असलेल्या नियामक प्रथिनांपैकी जवळपास 40 टक्के स्वतःलाच दाबतात, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

टेटआरचं खरं काम बघितलं की हा घाईचा मुद्दा आणखी पटतो. टेट्रासायक्लिन पेशीत शिरलं की ते टेटआरला चिकटतं, टेटआर डीएनएवरून सुटतो आणि टेटए नावाचा पंप बनू लागतो. तो औषध बाहेर फेकतो. उशीर झाला तर पेशीचं प्रथिन बनवणंच ठप्प, कारण टेट्रासायक्लिन रायबोसोमवरच बसतं. पण टेटए जास्त झाला तर तोही पेशीला बाधतो. म्हणजे पटकन चालू व्हायला हवं आणि काम झालं की पटकन बंदही. टेटआर टेटएला दाबतो आणि स्वतःलाही.

एक गल्लत टाळा. ट्रिप्टोफॅन वाढलं की ते स्वतःच्या निर्मितीतल्या पहिल्या एन्झाइमला थेट थांबवतं, तोही ऋण फीडबॅक, पण जनुकाशी त्याचा संबंध नाही आणि तो क्षणार्धात होतो. ट्रिप्टोफॅनच्या मदतीने रिप्रेसर डीएनएवर बसतो ती गोष्ट वेगळी. पेपरात दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

आता धन फीडबॅक. तो स्वभावाने अगदी उलटा: सावकाश चढतो, आणि सगळ्या पेशींना एका पातळीवर आणण्याऐवजी त्यांच्यात फूट पाडतो. हे लॅक ओपेरॉनमध्ये, म्हणजे लॅक्टोज आत घेऊन पचवणाऱ्या जनुकांच्या गटात, सगळ्यात छान दिसतं, आणि तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात छान लपतं. त्याच गटातून बनणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमची चाचणी तुम्ही केलीच असेल. (मे महिन्यात बडोद्यात 37 अंशांसाठी इनक्युबेटर कशाला, बाकावरच ठेवा, हा आमच्या बॅचचा ठरलेला विनोद होता.) पेशी उघडायला क्लोरोफॉर्म आणि एसडीएसचे थेंब, नळी जोरात हलवायची, ओएनपीजी (एन्झाइमने तोडलं की पिवळं होणारं रसायन) घालायचं, पिवळं चढू लागलं की सोडियम कार्बोनेट घालून थांबवायचं आणि 420 नॅनोमीटरला वाचायचं. समजा रीडिंग निम्मं आलं. आपण बिनधास्त लिहितो, 'जनुक निम्मं चालू आहे'. पण नळीत कोट्यवधी पेशी आहेत. सगळ्या निम्म्याने चालू असतील, किंवा निम्म्या पुरत्या चालू आणि निम्म्या पुरत्या बंद असतील. पिवळा रंग दोन्हीकडे तोच.

1957 मध्ये नोविक आणि वाइनर यांनी दाखवलं की प्रेरक, म्हणजे जनुक चालू करणारा पदार्थ, थोडाच असेल तेव्हा दुसरी गोष्ट खरी असते. त्यांनी टीएमजी वापरलं. ते लॅक्टोजसारखं चालतं, पण पेशीला पचत नाही. टीएमजीला आत आणणारं परमिएज लॅक ओपेरॉनमधूनच बनतं. एखाद्या पेशीत योगायोगाने थोडं परमिएज झालं की टीएमजी जास्त आत येतं, रिप्रेसर आणखी सुटतो, परमिएज आणखी वाढतं आणि पेशी पार टोकाला जाते. शेजारचीला तो योग आला नाही की ती बंदच राहते. त्याहून पुढची गोष्ट अशी की चालू झालेल्या पेशी टीएमजीच्या मधल्याच एका कमी मात्रेत नेऊन ठेवल्या तर त्या पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतात, आणि बंद पेशी त्याच माध्यमात बंद. डीएनए तोच, खाणं तेच, वागणं मात्र पूर्वी काय घडलं त्यावर. प्रॅक्टिकलमध्ये आपण आयपीटीजी हा टीएमजीसारखाच प्रेरक भरपूर ओततो. ते परमिएजशिवायही आत शिरतं, सगळ्या पेशी एकदम पेटतात आणि ही सगळी मजा बुडते.

नुसता धन फीडबॅक असला की दोन अवस्था मिळाल्याच, असं मात्र नाही. त्यात कुठेतरी तीव्र वळण लागतं, म्हणजे दोन-चार रेणूंनी मिळूनच काम होण्याची अट. जिवाणूंना ग्रासणाऱ्या लॅम्डा विषाणूचा सीआय रिप्रेसर जोडीजोडीने, एकमेकांना धरून डीएनएवर बसतो, ते याचंच उदाहरण.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर छोटं आहे. ज्या जनुकापासून निघालात तिथेच बाण परत येईपर्यंत जा आणि वाटेत 'दाबतो' किती वेळा आलं ते मोजा. सम आलं, शून्य धरून, तर धन. विषम आलं तर ऋण. दोन रिप्रेसर एकमेकांना दाबतात तेव्हा दाबण्याची चिन्हं दोन, म्हणून तो धन फीडबॅक, दिसायला कितीही नकारात्मक असला तरी. लॅम्डातले सीआय आणि क्रो असेच आहेत. जानेवारी 2000 मध्ये गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी अशी जोडी हाताने बनवून ई. कोलायमध्ये बटणासारखी चालवली. 'नेचर' नियतकालिकाच्या त्याच अंकात एलोविट्झ आणि लाइबलर यांनी तीन रिप्रेसर गोल बसवले: लॅकआय, टेटआर आणि सीआय. चिन्हं तीन, म्हणून ऋण. पण फेरी लांब असल्याने ब्रेक उशिरा लागतो, आणि पातळी स्थिरावण्याऐवजी वरखाली होत राहते. म्हणजे ऋण फीडबॅक स्थैर्यच देतो असं लिहिलंत तर मार्क जातील. उशीर किती आहे तेही बघावं लागतं.

आणि बाण फिरून परत येत नसतील तर चिन्हं मोजायच्या भानगडीत पडूच नका. अरॅबिनोज या साखरेच्या आकृतीत सीआरपी हा नियामक अराक या दुसऱ्या नियामकाला चालू करतो आणि दोघं मिळून अराबॅड ला, म्हणजे ती साखर पचवणाऱ्या जनुकांना. तिथे बाण तीन आहेत आणि आकृती त्रिकोणी दिसते, पण अराबॅडकडून सीआरपीकडे काहीच परत येत नाही. त्याला फीड-फॉरवर्ड म्हणतात, आणि तोंडी परीक्षेत हीच आकृती पुढे करून हमखास फसवतात.