मुद्दाम वाईट कार्ड उचललं तर रोगलाइक जास्त रंगतो का?

तुम्ही लिहिलंय की 'स्ले द स्पायर' हा कार्डांनी लढायचा रोगलाइक गेम तुम्ही टियर लिस्ट (कार्डांची चांगली-वाईट अशी क्रमवारी) बघून खेळता, जिंकताही, पण आता कंटाळा आलाय. मग लढाईनंतर समोर येणाऱ्या तीनपैकी कुठलंही कार्ड डोळे मिटून उचललं तर मजा परत येईल का, असा प्रश्न आहे. मी म्हणेन, नशिबावर एकदाच सोडा, दर वेळी नको.

दर वेळी करून मी पाहिलंय. शेजारी लुडोचा फासा ठेवला. एक-दोन पडलं की पहिलं कार्ड, तीन-चारला मधलं, पाच-सहाला शेवटचं. दोन-तीन लढाया गंमत वाटली. दुसऱ्या ॲक्टमध्ये (टप्प्यात) मेलो तेव्हा डेकमध्ये, म्हणजे माझ्या गड्डीत, एकमेकांशी काही संबंध नसलेली पंचविसेक कार्डं होती, आणि कुठे चुकलं ते मला सांगता येईना. माझं काही चुकलंच नव्हतं, कारण मी काही ठरवलंच नव्हतं. रोगलाइकमध्ये मेल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू होतं, तरी आपण लगेच दुसरी रन (डाव) लावतो, कारण 'तिथे घोळ झाला, आता कळलं' हे डोक्यात घुमत असतं. फाशाने नेमकं तेच काढून घेतलं.

याउलट माझी सगळ्यात आवडती रन. आयर्नक्लॅड हा योद्धा घेतला आणि सुरुवातीला वरदानं देणाऱ्या निओकडे शेवटचा पर्याय निवडला: आपलं सुरुवातीचं रेलिक (रनभर परिणाम करणारी वस्तू) द्यायचं आणि बदल्यात बॉसचं, म्हणजे एरवी ॲक्टच्या शेवटच्या मोठ्या शत्रूकडून मिळणारं, कुठलंतरी रेलिक घ्यायचं. बर्निंग ब्लड गेलं, म्हणजे प्रत्येक लढाईनंतर परत मिळणारे 6 एचपी (जीव) गेले. हातात आलं स्नेको आय. दर टर्नला दोन कार्डं जास्त, पण प्रत्येक कार्ड खेळायची किंमत 0 ते 3 एनर्जीमध्ये कुठेही. इथे सगळा हिशेब फिरतो. सरासरी किंमत दीड एनर्जी, म्हणजे एरवी फुकटात खेळता येणारं अँगर हे कार्ड आता महाग, आणि टर्नच्या तीनच्या तीन एनर्जी खाणारं म्हणून मी नेहमी सोडून द्यायचो ते ब्लजन एकदम स्वस्त!

पहिल्या ॲक्टमध्ये ग्रेमलिन नॉब हा दांडगा शत्रू आडवा आला. त्याच्यासमोर स्किल (डिफेंडसारखं हल्ला नसलेलं कार्ड) खेळलं की तो आणखी चवताळतो. पहिल्या टर्नला बॅश दोनला आणि स्ट्राइक एकला मिळालं, हल्ल्याची ती दोन्ही कार्डं मारली. दुसऱ्या टर्नला हातात सात कार्डं: डिफेंड शून्याला, अगदी खुणावणारं, पण त्याला हात लावायची सोय नाही, आणि शेजारी ब्लजन, तेही शून्याला. बॅशमुळे नॉबवर व्हल्नरेबल (दीडपट मार बसायची अवस्था) होतंच, त्यामुळे ब्लजनच्या 32 चे 48 झाले आणि त्याची जेमतेम पाव एचपी उरली. ते ब्लजन मी विचार करून घेतलं होतं, म्हणून त्या क्षणी खुर्चीतून उठलो.

टियर लिस्टचं म्हणाल तर ती सगळ्या डेकांची सरासरी असते. तुमच्या या डेकला, या रेलिकसोबत काय हवंय ते तिला ठाऊक नसतं. त्यामुळे यादीत खाली असलेलं कार्ड घेणं हा पुष्कळदा वाईट पर्याय नसतोच. कंटाळा येतोय तो चांगलं खेळण्याचा नाही, दुसऱ्याने आधीच केलेला विचार पुन्हा गिरवण्याचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

जुने खेळाडू हे फार पूर्वीपासून करत आलेत. 1987 च्या नेटहॅक या रोगलाइकमध्ये लोक आपणहून बंधनं घालून घेतात: रनभर शाकाहारी राहायचं, एकही प्राणी मारायचा नाही, काहीही वाचायचं-लिहायचं नाही. गेम शेवटी त्याची नोंदही दाखवतो. अडचण मुद्दामच ओढवून घेतलेली, पण ती पार करताना एकही चाल ढिली नसते.

आज रात्री यादी बंद ठेवा आणि निओकडे तो रेलिक बदलायचा पर्याय घ्या. (मागच्या रनमध्ये पहिल्या बॉसपर्यंत पोचला असाल तरच चारही पर्याय दिसतात.) मग जे रेलिक पदरात पडेल ते घेऊन जीव तोडून खेळा, आणि काय मिळालं ते इथे खाली नक्की कळवा.