नवरा रंगवतो, बायको शिवते, मग चित्र कुणाचं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लग्नाला ११ वर्षं झाली, मिस्टर रंगवतात, तुम्ही त्याच कॅनव्हासवर जुन्या कापडाचे तुकडे आणि दोरे शिवता, सही मात्र कायम त्यांची एकट्याची. आता एक गॅलरी या चित्रांचे प्रिंट काढणार आहे, करारात फक्त त्यांचं नाव, आणि तुम्ही विचारलंत तर म्हणाले, शेवटी रंगवलं मीच ना. भांडण नकोय पण गप्पही बसवत नाही, तर माझा काही हक्क आहे का, असं विचारलंय तुम्ही.

आहे, आणि चांगला भक्कम आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त कृती म्हणजे काय ते दिलंय, दोघांनी मिळून केलेलं असं काम की ज्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. तुम्ही लिहिलंय की आधी तुम्ही तुकडे टाचता, मग ते पातळ रंग सोडतात, रंग दोऱ्यातून पसरत जातो आणि जिथे थांबतो तिथे तुम्ही परत टाके घालता. ताई, तुमची अर्धी केस या एका वाक्यात आहे, कारण यातला दोरा उसवला तर रंगाचंही चित्र उरत नाही. पण ज्या चित्रात तुम्ही नुसतं इथे निळा बरा दिसेल एवढंच सुचवलं असेल तिथे हक्क सांगू नका, नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो आणि अशी चित्रं यादीत घुसवली की खऱ्या चित्रांवरही शंका घेतली जाते.

सहीचं मात्र हलक्यात घेऊ नका. कलम ५५ प्रमाणे चित्र तयार झालं तेव्हा ज्याचं नाव त्यावर होतं तोच कलाकार असं कोर्ट आधी धरून चालतं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून आजच कॅनव्हास उलटे करा. मागे तुमच्या गाठी, दोऱ्याची टोकं, रंगाच्या खाली गेलेले टाके आणि रंगाच्या वरून आलेले टाके, सगळ्याचे जवळून फोटो घ्या. अर्धवट कामाचे जुने फोटो, दोघांचे मेसेज, काही डिलीट करू नका आणि हे ज्यात आहे तो जुना फोनही विकू नका, कारण फोनमधला असा पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं.

नवरा-बायको असल्यामुळे हक्क आपोआप निम्मा होत नाही तसा बुडतही नाही, घरचंच काम म्हणून केलं हे ऐकवलं तरी तुम्ही काही त्यांच्या नोकर नव्हतात. आणि सहमालक एकटा परस्पर लायसन्स, म्हणजे प्रिंट काढण्यासारखी परवानगी, देऊ शकत नाही, मुंबई हायकोर्टानं २००८ मध्ये अंगथ आर्ट्सच्या केसमध्ये हेच म्हटलंय. विकलेली चित्रंसुद्धा यात येतात, घेणाऱ्याकडे वस्तू जाते, कॉपीराइट लेखी लिहून सही केल्याशिवाय जात नाही. तुम्ही कुठे अशी सही केली असेल तर तो कागद मला आधी दाखवा. अर्थात तसं असलं तरी कलाकार म्हणून नाव लागण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नं तुमच्याकडेच राहतो.

आता करायचं काय, तर आधी मिस्टरांशी बोला, पण एका कागदावर चित्रांची यादी, दोघांची नावं आणि पैशाची वाटणी लिहून मग बोला, तोंडी बोलण्याचं रूपांतर भांडणात फार लवकर होतं हे मी रोज बघतो. ते तयार झाले तर गॅलरीच्या करारावर दोघांच्या सह्या, विषय संपला. नाही झाले तर करार व्हायच्या आधी गॅलरीला साधा मेल टाका की मी सहकलाकार आहे, माझी संमती नाही, बहुतेक गॅलऱ्या तिथेच थांबतात. कोर्टाची वेळ येऊ नये, पण आलीच तर त्याच कायद्याच्या कलम ६२ मुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा कोर्टात दावा लावता येतो.

आणि सध्या स्टँडवर जे अर्धं चित्र आहे म्हणालात, ते पूर्ण होईल त्याच दिवशी त्यावर तुमचंही नाव घाला, दोऱ्यानं शिवलंत तरी चालेल.