डिमेन्शिया झालेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या लोकांसाठी आधाराचे कार्यक्रम घेतले तर लोक ते खरंच स्वीकारतात का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा ज्येष्ठ नागरिक संघ डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णांच्या घरच्यांसाठी महिन्यातून एकदा मार्गदर्शन आणि आधारगट सुरू करणार आहे. हॉल आहे, एक मानसोपचारतज्ज्ञ यायला तयार आहेत, आणि तुम्हाला शंका एवढीच आहे की लोक असलं काही स्वीकारतील का. मी पुण्यात वैद्यकीय समाजसेविका आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग अशाच घरांमध्ये जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

जे येतात त्यांना कार्यक्रम आवडतो. जवळजवळ सगळ्यांनाच आवडतो. पण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्यांतले बहुतेक हॉलपर्यंत पोचतच नाहीत. मग दोन-तीन महिन्यांनी आयोजक म्हणतात, "लोकांना नकोच आहे." हा निष्कर्ष मला मान्य नाही.

आधी वेळेचंच बघा. संघाचे कार्यक्रम साधारण संध्याकाळी पाचला असतात, कारण ऊन उतरलेलं असतं आणि सभासदांना ते सोयीचं पडतं. डिमेन्शियाच्या घरात ही दिवसातली सर्वांत अवघड वेळ. उजेड कमी व्हायला लागला की आजी अस्वस्थ होतात, येरझाऱ्या घालतात, "मला घरी जायचंय" म्हणत दाराची कडी काढायला बघतात, आणि हे सगळं त्या चाळीस वर्षं राहिलेल्या स्वतःच्याच घरात. त्या वेळी सुनेने आजींना कोणावर सोपवून तुमच्या हॉलमध्ये यायचं? नवरा सात-साडेसातला कामावरून येणार. शेजारणीला एकदा सांगता येतं, दर महिन्याला नाही. येऊ शकतात ती घरं म्हणजे ज्यांचा आजार अजून सुरुवातीला आहे, किंवा ज्यांना ब्यूरोची बाई परवडते. त्यांनाही मदत हवीच असते, पण ती वेगळी.

ही माझी एकटीची समजूत नाही. आपल्या शेजारी गोव्यात याचा नीट अभ्यास झालेला आहे. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश या दोन तालुक्यांत डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरी जाऊन मदत करण्याचा प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. घरी जाणारी माणसं डॉक्टर किंवा नर्स नव्हती. स्थानिक भाषा येणाऱ्या साध्या माणसांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलेलं होतं आणि त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक होते. सहा महिने, निदान पंधरा दिवसांतून एकदा, ही माणसं घरी जायची. आजार काय आहे ते समजावायची, वागण्यातल्या अडचणींवर मार्ग सुचवायची, घरातल्या इतरांशी बोलून कामाची वाटणी करून द्यायची, सरकारी योजनांची माहिती द्यायची. एकूण ८१ कुटुंबं होती. काहींना ही मदत लगेच मिळाली, बाकीच्यांना आधी फक्त माहिती आणि मदत नंतर. शेवटपर्यंत ५९ कुटुंबं राहिली. हा आकडा कमी वाटेल, पण त्या काळात १८ रुग्णांचा मृत्यू झाला होता. म्हणजे मृत्यू सोडले तर गळालेली कुटुंबं चारच. काळजी घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याने होणारा त्रास कमी जाणवायला लागला. रुग्णाच्या लक्षणांत मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही. हेही तुम्ही पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगा, नाहीतर त्यांची अपेक्षा चुकीच्या जागी जाते.

आता दुसरं टोक. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ नावाचा ऑनलाइन कार्यक्रम आहे, पाच भागांत २३ धडे. मजकूर उत्तम आहे, मी स्वतः त्यातलं बरंच वापरते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या तज्ज्ञांनी तो भारतीय घरांना साजेसा करून घेतला आणि त्याची चाचणी घेतली, ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. काळजी घेणारे १५१ जण त्यात होते. काहींना हे धडे दिले, काहींना नुसतं वाचायला ई-पुस्तक. तीन महिन्यांनी दोन्ही गट मिळून ५५ जण उरले. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश लोक गळाले, आणि हे कोण? इंटरनेट असलेले, आपणहून नाव नोंदवलेले लोक. उरलेल्यांपैकी धडे घेतलेल्यांमध्ये रुग्णाकडे माणूस म्हणून बघण्याची दृष्टी वाढली, पण ताण आणि नैराश्य यांत ठळक फरक दिसला नाही.

दोन्ही अभ्यासांची पद्धत वेगळी, लोक वेगळे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून कुस्ती लावायची नाही. पण मला त्यात जे दिसतं ते रोजच्या कामातही दिसतं. दारात माणूस आला तर लोक त्याला आत घेतात. लिंक आली तर "रात्री बघू" म्हणतात, आणि डिमेन्शियाच्या घरात रात्र मोकळी नसते.

म्हणूनच कार्यक्रमानंतर भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या कागदांवर मी फार विसंबत नाही. "खूप छान, पुन्हा ठेवा" हे लिहिणारा माणूस मुळात येऊ शकलेला माणूस असतो. स्वीकार मोजायचा असेल तर न आलेल्यांना आणि एकदाच येऊन थांबलेल्यांना फोन करा. खरी माहिती तिथे मिळते.

एक घर सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. आधारगटाचं नाव काढताच तिथल्या सूनबाईंनी मला हात जोडले. म्हणाल्या, "ताई, मला बोलायला माणूस नकोय. यांना अंघोळ घालायला हवाय." सासरे न्हाणीत पाय ठेवायला तयार नसत, डोक्यावर तांब्या ओतला की ओरडत, एकदा त्यांनी हात उगारला होता. आम्ही दोघींनी न्हाणीघर नीट बघितलं. बसायला स्टूल नव्हतं, ते ठेवलं. अंगावरचा पंचा काढायचा नाही, तसाच राहू द्यायचा आणि त्याच्याखालून अंग पुसायचं असं ठरलं. पाणी आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, डोक्यावर अगदी शेवटी आणि तेही सांगून. दुसरा रिकामा तांब्या त्यांच्या हातात. आणि मुख्य म्हणजे वेळ बदलली. हे गृहस्थ आयुष्यभर पहिल्या पाळीला जाणारे, कारखान्यातून परत आल्यावर चारला अंघोळ करणारे. घरात मात्र सकाळी आठच्या आत सगळ्यांची उरकायची म्हणून त्यांनाही तेव्हाच न्यायचे. चारला न्यायला लागल्यावर आरडाओरडा पूर्ण थांबला नाही, पण आठवड्यातून चार-पाच दिवस अंघोळ व्हायला लागली. पुढे काही आठवड्यांनी त्या बाईंनीच मला विचारलं, "तो गट असतो म्हणाला होतात, तो कधी असतो?"

बहुतेक घरांत क्रम हाच असतो. आधी अंघोळ, शी-शू, रात्रीचं जागरण, सतत चोरीचा आळ घेणं, यातल्या एखाद्या गोष्टीवर हाताला लागेल अशी मदत. मग मन मोकळं करणं. आपण मात्र पहिल्याच सत्रात "स्वतःकडे लक्ष द्या, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा" सांगतो. ज्या बाईला जेवायला निवांत दहा मिनिटं मिळत नाहीत तिला हे ऐकून आपलंच काही कमी पडतंय असं वाटतं, आणि ती परत येत नाही.

नाकारण्याची आणखी कारणं आहेत, त्यातली काही उघड बोलली जात नाहीत. बऱ्याच घरांत हा आजार आहे हेच ठरलेलं नसतं. "वय झालं, होतंच असं", साठी बुद्धी नाठी म्हणून विषय संपतो. ‘डिमेन्शिया’ असं लिहिलेल्या फलकाखाली ते येणार कसे? लहान गावात किंवा जुन्या पेठेत हॉलमधली निम्मी माणसं ओळखीची असतात. घरात लग्नाची मुलगी असली तर "यांच्याकडे वेडेपणा आहे" अशी कुजबुज नको म्हणून लोक लांब राहतात. डे-केअरला वडिलांना ठेवलं तर "टाकलं" म्हणतील ही भीती तर शिकल्यासवरल्या घरांतही आहे.

आणि एक गोष्ट मला फार खुपते. कार्यक्रमाला मुलगा येतो, पुढच्या रांगेत बसतो, चांगले प्रश्न विचारतो. घरी डायपर बदलणारी, भरवणारी मात्र बायको किंवा बहीण असते, आणि ती कधीच येत नाही. अमेरिकेत असलेली मुलं ऑनलाइन सत्राला हजर राहतात, आईला व्हॉट्सअॅपवर चांगले दुवे पाठवतात, पण बाबांना सांभाळणारी सत्तरीची आई ते उघडून बघत नाही. नोंदवहीत उपस्थिती लागते, मदत योग्य माणसापर्यंत जात नाही. पगारी मावशींचंही तेच. दिवसाचे बारा तास रुग्णाजवळ त्या असतात, आणि निमंत्रण कुटुंबाला.

तुमच्या संघाकडे एक फार मोठी जमेची बाजू आहे, ती म्हणजे सभासदांना घरं माहीत आहेत. कोणाचे सोबती फिरायला यायचे बंद झाले, कोणाची बायको हल्ली फोन उचलत नाही, हे तुम्हाला दवाखान्याच्या आधी कळतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया आहे. तुमच्या भागात साठीपुढचे हजार लोक धरले तर सत्तरएक घरं झाली. त्यातली दहा घरं धरून सुरुवात करा.

हॉलमधला कार्यक्रम ठेवाच, पण सकाळी अकराच्या सुमारास, आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत रुग्णांजवळ बसायला दोन शांत स्वभावाची माणसं ठेवा. फलकावर "घरातल्या वयस्कर माणसांची काळजी" एवढंच पुरे. मानसोपचारतज्ज्ञांना दर वेळी भाषणाला बोलावण्यापेक्षा तुमच्यातल्या तीन-चार निवृत्त शिक्षिका, नर्स, पोस्टमन अशा माणसांना त्यांच्याकडून तयार करून घ्या आणि घरोघरी पाठवा. इंग्लंडमध्ये ‘स्टार्ट’ नावाचा आठ सत्रांचा कार्यक्रम आहे, २६० कुटुंबांवर त्याची चाचणी होऊन २०१३ साली निष्कर्ष आले. तो देणारेही अनुभवी डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे नुकते पदवीधर होते, एकेका कुटुंबाला वेगळं भेटणारे. नैराश्य आणि चिंता कमी झाली आणि तो फरक पुढे काही वर्षं टिकला. तज्ज्ञ पाठीशी असावा लागतो, दारात तोच उभा असायला हवा असं नाही.

पहिल्या भेटीत फॉर्म भरून घेऊ नका. "दिवसातलं कुठलं काम सगळ्यात जड जातं?" एवढं विचारा आणि त्याच कामाबद्दल बोला. घरच्यांशी बोलताना रुग्णासमोर त्यांच्याविषयी "हे", "ते" करून बोलू नका, त्यांना पुष्कळ कळत असतं. निघताना फ्रिजवर दोन नंबर चिकटवून या: ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दुसरा चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं, रात्री दोनला जागं असणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

आणि जे आज "नको" म्हणतील त्यांचं नाव यादीतून काढू नका. या आजारात घरची स्थिती सहा महिन्यांत पार बदलते. मार्चमध्ये "आमचं आम्ही बघतो" म्हणालेलं घर दिवाळीपर्यंत रात्रीच्या जागरणाने टेकीला आलेलं असतं, पण आधी नाही म्हटलंय म्हणून आपणहून फोन करायला संकोचतं. दर तीन महिन्यांनी कोणीतरी त्या घरी चक्कर टाकेल, अशी जबाबदारी एका सभासदाला नावानिशी वाटून द्या.